चुकलेल्या उत्तरावरून चूक कशी शोधायची: फिजिक्स-मॅथ्सच्या गटअभ्यासासाठी

प्रश्न थोडक्यात असा आहे: बारावी सायन्सचे चौघे एकत्र अभ्यास करतात. कुणाचं अडलं की ज्याला येतं तो पूर्ण सोडवलेल्या गणिताचा फोटो ग्रुपवर टाकतो. वाचताना सगळं कळतं, पण टेस्टमध्ये तेच गणित आकडे बदलून आलं की हात थांबतो. मग एकमेकांना मदत करायची तरी कशी?

पूर्ण सोडवलेल्या गणिताचा फोटो पाठवणं आधी बंद करा. फोटोत दिसतात त्या बरोबर पायऱ्या. मित्र कुठल्या ओळीवर घसरला ते त्यात दिसत नाही, आणि मदत करणाऱ्याचं काम तर ती ओळ शोधणं हेच आहे. बरोबर रीत पुस्तकातही छापलेली आहे, त्यासाठी मित्राची गरज नाही. म्हणून ज्याचं अडलंय त्याने आपलं चुकलेलं कच्चं काम पाठवायचं: गणिताचा पूर्ण मजकूर (नुसता ‘क्यू १७’ नको), काढलेली आकृती, जितक्या ओळी लिहिल्या तितक्या सगळ्या, आलेलं उत्तर आणि पुस्तकातलं उत्तर. खोडलेल्या ओळीसुद्धा फोटोत येऊ द्या, बऱ्याचदा बरोबर ओळच खोडलेली असते.

आता मदत करणाऱ्याची बाजू. साधं गणित घेऊ. ३० अंशांच्या उतारावर २ किलोचा ठोकळा, घर्षणांक ०.२, जी (गुरुत्वाचं ॲक्सिलरेशन) १० धरायचा, ठोकळ्याचं ॲक्सिलरेशन काढा. उताराच्या दिशेने एमजी (वस्तुमान × जी) साइन थीटा म्हणजे १० न्यूटन. नॉर्मल रिॲक्शन एमजी कॉस थीटा म्हणजे १७.३ न्यूटन. घर्षण ०.२ × १७.३ = ३.४६ न्यूटन. उरलं ६.५४ न्यूटन, भागिले २, म्हणजे ३.२७ मीटर प्रति सेकंद वर्ग.

मित्राचं उत्तर ३.० आलं असेल तर वही उघडायच्या आधीच कळतं की त्याने नॉर्मल रिॲक्शन सरळ एमजी धरली आहे: घर्षण ४ न्यूटन, उरले ६, भागिले २. उत्तर ७.६६ असेल तर साइन आणि कॉस यांची अदलाबदल झाली आहे. ५ असेल तर घर्षण विसरलं. ६.७३ असेल तर घर्षण वजा करायच्या ऐवजी मिळवलं. चार चुका, चार वेगळी उत्तरं. सीईटी किंवा जेईईच्या पर्यायांत बहुतेकदा अशीच उत्तरं बसवलेली असतात, त्यामुळे ‘माझं उत्तर पर्यायांत आहे, म्हणजे बरोबर असणार’ हा दिलासा खोटा ठरतो.

चूक ओळखली की लगेच सांगून टाकायची नाही. ३.० वाल्याला एवढंच विचारा: ‘ठोकळ्यावर उताराला काटकोनात कुठली कुठली बलं आहेत? ती मांड.’ त्याने फ्री बॉडी डायग्राम (ठोकळ्यावरची सगळी बलं बाणांनी दाखवणारी आकृती) काढला की नॉर्मलच्या समोर एमजी कॉस थीटा त्याला आपोआप दिसतो. साइन-कॉस उलटे करणाऱ्याला विचारा, ‘उतार सपाट केला, थीटा शून्य झाला, तर तुझ्या सूत्राप्रमाणे काय होईल?’ त्याच्या सूत्रात सपाट जमिनीवरचा ठोकळा १० मीटर प्रति सेकंद वर्गाने धावत सुटतो. ही तपासणी एकदा अंगवळणी पडली की साइन की कॉस हे पाठ करावं लागत नाही.

गणित सुटल्यावर त्याच गणितात एकच आकडा बदलून द्या. घर्षणांक ०.२ ऐवजी ०.६ करा. बरेच जण सूत्रात भरतात आणि उणे ०.२ च्या आसपास उत्तर काढून मोकळे होतात. म्हणजे ठोकळा आपणहून उतारावर वर चढायला लागला! खरं तर टॅन ३० हा ०.५७७ आहे, घर्षणांक त्याहून जास्त आहे, त्यामुळे ठोकळा जागचा हलतच नाही. घर्षण १०.४ न्यूटनपर्यंत जाऊ शकतं, पण गरज १० न्यूटनचीच आहे, म्हणून ते १० वरच थांबतं आणि ॲक्सिलरेशन शून्य. हे बदललेलं गणित मित्राने स्वतः सोडवलं नाही तोवर त्याला हा प्रकार कळला असं धरू नका. ‘कळलं का?’ या प्रश्नाला ‘हो’ शिवाय दुसरं उत्तर सहसा येत नाही.

चुका शोधायची एक रीत फिजिक्समध्ये फार उपयोगी पडते, आणि क्लासमध्ये ती क्वचितच शिकवतात. पुस्तकातल्या उत्तराला मित्राच्या उत्तराने भागा आणि येणारं गुणोत्तर बघा. २ किंवा ०.५ आलं तर पहिला संशय त्रिज्या-व्यासाच्या घोटाळ्याचा, दुसरा सूत्रातल्या अर्ध्याचा. ४ किंवा ०.२५ आलं तर तोच घोटाळा वर्गात गेला आहे, उदाहरणार्थ तारेच्या छेदाचं क्षेत्रफळ काढताना. ३.६ किंवा ०.२८ आलं तर किलोमीटर प्रति तास तसेच राहिले. ६.२८ म्हणजे फ्रिक्वेन्सी आणि अँग्युलर फ्रिक्वेन्सी यांत गोंधळ. ३९.५ म्हणजे तोच गोंधळ वर्गात, कारण पायचा वर्ग गुणिले ४ हे तेवढंच होतं. ९.५५ किंवा ०.१०५ म्हणजे आरपीएमचं रेडियन प्रति सेकंदात रूपांतर झालं नाही. १.४१ म्हणजे एसी सर्किटमध्ये पीक आणि आरएमएस बदलले. २.३०३ आलं तर आयसोथर्मल कार्याच्या सूत्रात नॅचरल लॉगच्या जागी टेबलातला दहाच्या पायाचा लॉग तसाच वापरला. १.७३ किंवा ०.५८ दिसलं आणि गणितात ३० किंवा ६० अंश असले, तर त्रिकोणमितीत बघा. १००० किंवा १० चा कुठलाही घात असेल तर एकक. १.०२ आलं तर चूक नाहीच, कुणी जी १० धरलाय आणि कुणी ९.८.

कॅपिलरीचं गणित करून बघा. पाण्याचं सरफेस टेन्शन ०.०७२ न्यूटन प्रति मीटर, नळीचा व्यास १ मिलिमीटर, संपर्ककोन शून्य. त्रिज्या ०.५ मिलिमीटर म्हणजे ५ × १० चा उणे ४ घात मीटर. उंची = (२ × ०.०७२) ÷ (५ × १० चा उणे ४ घात × १००० × ९.८) = ०.०२९४ मीटर, म्हणजे २.९४ सेंटिमीटर. मित्राचं १.४७ आलं असेल तर गुणोत्तर २, व्यास तसाच घातला.

तापमानाची चूक थोडी वेगळी. सेल्सिअस तसंच ठेवलं तर गुणोत्तर गणितागणिक बदलतं. पण पुस्तकांत २७ अंश सेल्सिअस इतक्या वेळा येतं की ११.१ हा आकडा लक्षात ठेवायला हरकत नाही (३०० भागिले २७), आणि आरएमएस वेगाच्या गणितात त्याचं वर्गमूळ ३.३३.

गुणोत्तर काही ओळखीचं निघालं नाही, तर चिन्हाची चूक असण्याची शक्यता मोठी. तिथे भागाकार उपयोगाचा नाही, बेरीज-वजाबाकी करा. ६० किलोचा माणूस लिफ्टमध्ये आहे, लिफ्ट वर जाते आहे पण २ मीटर प्रति सेकंद वर्गाने मंदावते आहे. जी १० धरून नॉर्मल रिॲक्शन ४८० न्यूटन. मित्राचं उत्तर ७२०. दोन्हींची सरासरी ६००, म्हणजे एमजी, त्याचं चिन्ह बरोबर आहे. फरकाचा अर्धा १२०, म्हणजे एम गुणिले ए, घोळ तिथे आहे. त्याने लिफ्टच्या चालण्याची दिशा हीच ॲक्सिलरेशनची दिशा धरली. लेन्सच्या गणितात हेच उत्तरांच्या व्यस्तांवर करा. फोकल लेंग्थ २० सेंटिमीटर, वस्तू ३० सेंटिमीटरवर, प्रतिमा ६० सेंटिमीटरवर येते. मित्राचं उत्तर १२. एक भागिले ६० आणि एक भागिले १२ यांची सरासरी एक भागिले २० येते, ती फोकल लेंग्थ. तिचं चिन्ह ठीक आहे, म्हणजे वस्तूच्या अंतराचं उणे चिन्ह राहिलं.

मॅथ्समध्ये चुकलेलं उत्तर इतकं बोलत नाही, पण तपासणी जास्त पक्की करता येते. डेफिनिट इंटिग्रलमध्ये सब्स्टिट्यूशन केल्यावर लिमिट्स न बदलणं ही गटात सर्वांत जास्त वेळा सापडणारी चूक. २एक्स × (एक्स वर्ग + १) चा घन, शून्य ते एक. टी = एक्स वर्ग + १ घेतलं की लिमिट्स १ ते २ होतात आणि उत्तर (१६ − १) ÷ ४ = ३.७५. जुन्या लिमिट्स ठेवल्या तर ०.२५. उत्तरपत्रिका न बघताही ०.२५ नाकारता येतं: एक्स ०.५ असताना फलनाची किंमत सुमारे १.९५ आहे आणि पुढे ती १६ पर्यंत चढतच जाते. नुसत्या उजव्या अर्ध्या भागाचं क्षेत्रफळच ०.९७ पेक्षा जास्त हवं. मदत करणाऱ्याने ‘लिमिट्स बदल’ म्हणायच्या आधी मित्राकडून ही एक किंमत काढून घ्यावी.

इंटिग्रेशनमध्ये एक भांडण हमखास होतं. साइन एक्स × कॉस एक्स याचं एकाने काढलं साइन वर्ग एक्स भागिले २, दुसरी म्हणते उणे कॉस वर्ग एक्स भागिले २, तिसऱ्याचं उणे कॉस २एक्स भागिले ४, आणि मग अर्धा तास कोण चुकलं याचा शोध. तिघंही बरोबर आहेत, उत्तरांत फरक फक्त स्थिरांकाचा. ०, ३० आणि ९० अंशांना किंमती काढून बघा: पहिल्या आणि दुसऱ्या उत्तरातला फरक दरवेळी ०.५, पहिल्या आणि तिसऱ्यातला दरवेळी ०.२५. फरक बदलला असता तर कुणीतरी नक्की चुकलं असतं. शंका उरलीच तर तिन्हींचं डिफरन्शिएशन करा, तो शेवटचा निकाल.

त्रिकोणमितीय समीकरणांत दोन विरुद्ध प्रकारच्या चुका होतात. साइन २थीटा = कॉस थीटा यात दोन्हीकडून कॉस थीटा कापला की उरतं साइन थीटा = ०.५, आणि शून्य ते ३६० अंशांत ३० आणि १५० एवढीच उत्तरं मिळतात. कॉस थीटा शून्य असतो ती ९० आणि २७० ही दोन उत्तरं कापण्यात गेली. दुसरीकडे साइन थीटा + कॉस थीटा = १ याचा वर्ग केला की साइन २थीटा = ० येतं आणि ०, ९०, १८०, २७० अशी चार उत्तरं दिसतात. मूळ समीकरणात भरा: १८० आणि २७० ला डावी बाजू उणे १ येते, ती दोन्ही बाद. कापल्याने उत्तरं हरवतात, वर्ग केल्याने परकी घुसतात. मित्राच्या वहीत अशी ओळ दिसली की त्या ओळीशेजारी नुसतं प्रश्नचिन्ह काढून वही परत द्या. बाकीचं त्याला शोधू द्या.

समोरासमोर बसता तेव्हा एक नियम कडक पाळा: पेन ज्याचं अडलंय त्याच्या हातात. समजावणाऱ्याने पेन उचललं की तीन मिनिटांत गणित संपतं आणि समोरचा मान डोलावत राहतो. गट तिघा-चौघांचाच ठेवा, पाचवा आला की कुणीतरी प्रेक्षक होतो. दोन तास बसणार असाल तर पहिला तास गप्प बसून प्रत्येकाने तीच पाच-सहा गणितं स्वतंत्र सोडवायची, उत्तरं एकमेकांना न दाखवता कागदाच्या कोपऱ्यात लिहायची. दुसऱ्या तासात फक्त जिथे उत्तरं जुळली नाहीत तेवढीच गणितं घ्यायची. सगळ्यांचं बरोबर आलेल्या गणितावर चर्चा करण्यात वेळ छान जातो, हाती काही लागत नाही. गटात जो हुशार समजला जातो त्याने सर्वांत शेवटी बोलावं. तो आधी बोलला की बाकीचे आपली बरोबर उत्तरंसुद्धा खोडतात.

चॅटवर मदत करायची असेल तर एका मेसेजमध्ये एकच इशारा. आधी कुठला नियम लागतो याचा प्रश्न, मग आकृतीबद्दलचा, मग गरज पडली तर पहिलं समीकरण. तिन्हींनंतरही सुटत नसेल तर गणित नाही, मागची संकल्पना अडली आहे. तेव्हा फोनवर बोला किंवा धड्याचं तेवढं पान सांगा. व्हॉइस नोट मराठीतच करा, पण वहीतली ओळ पेपरात जशी लिहायची तशीच, इंग्रजीत हवी. दहावीपर्यंत मराठी माध्यमात असलेल्यांना या दुहेरी सवयीचा बराच आधार मिळतो.

पुस्तकाशी किंवा गाइडशी कुणाचंच उत्तर जुळत नाही असंही होतं. तेव्हा पायऱ्या वाकवून छापील उत्तरापर्यंत पोचायचा मोह टाळा. दोघांनी एकमेकांचं न बघता परत सोडवा, शक्य असेल तर दोन वेगळ्या रीतींनी, म्हणजे एकाने बलांवरून आणि दुसऱ्याने ऊर्जेवरून. दोन्हींकडून एकच उत्तर आलं, एककं जुळली आणि टोकाच्या किंमती टाकून सूत्र शहाण्यासारखं वागलं, तर छपाईची चूक आहे असं धरून पुढे जा आणि दुसऱ्या दिवशी सरांना दाखवा.

प्रॅक्टिकलचे ३० गुण आहेत आणि तिथली मदत बहुतेकदा रीडिंग उतरवून घेण्यापुरती असते. रीडिंग उतरवू नका, तपासून द्या. सिंपल पेंड्युलमची लांबी १ मीटर असेल तर एका आंदोलनाला सुमारे २ सेकंद, २० आंदोलनांना सुमारे ४० सेकंद लागतात. मित्राच्या जीची किंमत १०.८६ च्या आसपास येत असेल तर त्याने स्टॉपवॉच सुरू करतानाच ‘एक’ म्हटलंय. मोजणी ‘शून्य’पासून सुरू करायची असते, नाहीतर प्रत्यक्षात १९ आंदोलनं होतात आणि २० ने भागली जातात, ९.८ ला २० भागिले १९ याच्या वर्गाने गुणलं की हाच आकडा येतो. उत्तर एखाद-दोन टक्क्यांनी कमी येत असेल तर लांबीत गोळ्याची त्रिज्या धरली का ते विचारा. मीटर ब्रिजमध्ये नल पॉइंट (गॅल्व्हनोमीटर शून्य दाखवतो ती जागा) ३० ते ७० सेंटिमीटरच्या बाहेर असेल तर रेझिस्टन्स बॉक्समधली किंमत बदलायला सांगा. टोकाजवळ मिलिमीटरभराच्या चुकीचाही उत्तरावर मोठा परिणाम होतो. मग दोन गॅपमधले रेझिस्टन्स अदलाबदल करून परत रीडिंग घ्या आणि सरासरी काढा, टोकांच्या पट्ट्यांमुळे येणारी चूक त्याने बरीच कमी होते. ग्राफचा स्लोप काढताना टेबलातले दोन बिंदू उचलू नका, काढलेल्या रेषेवरचे लांब लांबचे दोन बिंदू घ्या.

होमवर्क किंवा असाइनमेंट असेल तर चर्चा हवी तितकी करा, पण लिहिताना दुसऱ्याची वही मिटलेली असू द्या. मिटलेल्या वहीने लिहिता आलं नाही तर अजून आलेलं नाही, परत विचारा.

शेवटी लॉग टेबल, कारण बोर्डात कॅल्क्युलेटर चालत नाही आणि पूर्ण रीत बरोबर असून बरेच गुण इथे जातात. गटात एकमेकांचे पेपर तपासताना आकडेमोडीच्या ओळी वेगळ्या तपासा. सर्वांत जास्त घसरण बार असलेल्या लॉगला भागताना होते. ०.००७२ चं वर्गमूळ काढायचं आहे. लॉग आहे बार ३.८५७३. इथे पूर्णांक उणे ३ आहे पण अपूर्णांक अधिक ०.८५७३ आहे, म्हणून सरळ २ ने भागून बार १.९ वगैरे लिहिणं चूक. उणे ३ ला उणे ४ करा, उसना घेतलेला १ अपूर्णांकाला द्या: उणे ४ अधिक १.८५७३. आता २ ने भागा: बार २.९२८७. अँटीलॉग सुमारे ०.०८४९. तपासायचं असेल तर ०.०८५ चा वर्ग तोंडी करा, ०.००७२ च्या जवळ येतो. मित्राने ०.८४९ लिहिलं असेल तर गुणोत्तर ०.१ येतं, आणि एकक बरोबर असूनही १० चा घात दिसतोय, तर बारच्या ओळीकडे बोट दाखवा.